ओठाची शिवण

परवा आखाडा बाळापूरच्या बाजारात या वर्षाची पहिली डांगरं आली. लाल भोपळ्याला आमच्याकडे डांगर म्हणतात. दिवाळी तोंडावर आली की ती टेम्पोतून उतरतात, सोयाबीन निघालेल्या रानाची धूळ अंगावर घेऊन. मी एक उचललं, बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं, देठ नखाने खरवडला आणि शेतकऱ्याशी भाव घासायला बसले. माझी घासाघीस या बाजाराला ठाऊक आहे. शकूबाईच्या जिभेपेक्षा विळी बरी, असं लोक माझ्या तोंडावर म्हणतात आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. पण वर्षातलं पहिलं डांगर हातात आलं की जीभ थोडा वेळ थांबते. समोरचा शेतकरी समजतो, बाई नरमली. तेवढ्यात तो भाव चढवतो, मग मी पुन्हा माझी होते.

वारंगा फाट्यावर आज माझं मिरची-हळदीचं दुकान आहे. सुरुवात केली ती बाळापूरच्या बाजारात एका पोत्यावर बसून. आमच्या मिरचीच्या ओळीला लागूनच बैलबाजार भरायचा. गिऱ्हाईक नसलं की मी तिकडे बघत बसे. दोन माणसं समोरासमोर उभी राहायची, हातांवर रुमाल टाकायची, आणि रुमालाखाली बोटं बोलायची. कोणतं बोट धरलं, किती दाबलं, यावर भाव ठरायचा. वर दोघांचे चेहरे कोरे. एक आभाळाकडे बघतोय, दुसरा बैलाच्या शेपटीकडे. बैलाला विचारलंय कोणी? त्याचा धनी बदललेला असायचा आणि तो आपला रवंथ करत उभा. बाईमाणसाला त्या रुमालाखाली हात घालता येत नसे. म्हणून मी माझा भाव मोठ्याने बोलायला शिकले. लोक त्याला राग म्हणाले. पुढे तो खराच राग झाला.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची ती दिवाळी. दिवाळीतच सूर्याला ग्रहण लागणार होतं आणि तेही सकाळच्या पारी. आठ दिवस दुसरा विषय नव्हता. रेडिओ सांगायचा, उघड्या डोळ्यांनी बघू नका. बाया सांगायच्या, बघूच नका. मला सातवा महिना होता.

आमच्या वस्तीने जुने देव आणि जुन्या भित्या सोडून विहार बांधला होता. सोडलं होतं ते थोरल्यांनी, ओट्यावर बसून, ठणकावून. चुलीपाशी अजून थोडं उरलेलं होतं. माझे सासरे, त्यांना सगळे दादा म्हणत, सोडणाऱ्यांत पहिले. माझी थोरली नणंद, तिला आम्ही अक्का म्हणतो, उरलेलं जपणाऱ्यांत पहिली. तिला गावातच दिलेलं, आमच्यापासून तिसरं घर. त्या सकाळी ती तिच्या लहानग्या आशाला घेऊन आमच्या अंगणात आली ती माझ्यासाठीच.

ऊन हळूहळू बिघडत गेलं. ढग नव्हता, तरी उजेड शिळा झाल्यासारखा. अंगणातल्या लिंबाखाली पानांच्या फटींतून जे उन्हाचे गोल कवडसे पडत, ते सगळे चंद्रकोरीसारखे झाले. शेकडो कोरी मातीवर हलत होत्या. कोंबड्या खुराड्याकडे निघाल्या. अंगावर काटा यावा असा गारवा सुटला. दुपारच्या भाजीसाठी डांगर समोर होतं आणि विळीही.

अक्का म्हणाली, "शकू, आत चल. पोटात लेकरू हाय. इळीला हात लावू नको."

दादा ओट्यावरून म्हणाले, "काहून? आपण सोडलंय न्हवं ते सगळं? का बोलायापुरतंच?"

शेजारपाजारच्या बाया कुडाआडून बघत होत्या. सगळ्यांची नजर माझ्या पोटावर. कोणी माझ्यावर डोळे रोखले की माझे हात आधी चालतात. मी विळी पुढे ओढली, पाय रोवला आणि डांगर पात्यावर दाबलं. त्याचा कच्च आवाज मला अजून ऐकू येतो. दादा हसले. छोटी आशा माझ्यासमोर बसून डांगराच्या बिया गोळा करत होती. कोरी उन्हाच्या होत्या, त्या पुन्हा गोल झाल्या. काही झालं नाही. मी भाजी केली, सगळ्यांनी खाल्ली, अक्कासुद्धा जेवली.

हुरड्याच्या दिवसांत सुमेध झाला. सरकारी दवाखान्यातल्या नर्सने लेकरू माझ्याजवळ आणलं तेव्हा फडकं त्याच्या तोंडावर ओढून धरलं होतं. थंडी म्हणून, असं मला वाटलं. अक्काने ते फडकं उचललं. वरचा ओठ डाव्या बाजूला नाकपुडीपर्यंत उघडा होता. अक्काने लेकराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि एवढंच म्हणाली, "डांगर चिरलंस न्हवं."

ती ओरडली नाही, रडली नाही. भाव सांगावा तसं सांगितलं. आणि तो भाव पुढे सगळ्या गावात तोच राहिला.

दूध त्याच्या तोंडातून परत यायचं. त्याला उभा धरून, चमच्याने, ओठाची फट अंगठ्याने मिटवून पाजायला मी शिकले. एक चमचा पोटात, एक माझ्या पदरावर. वस्तीतल्या बाया बघायला यायच्या, हळहळायच्या, आणि जाताना विळी कुठे ठेवली आहे ते बघून जायच्या. पण मला खरं लागलं ते दादांचं. ते मला कधी काही बोलले नाहीत. चांगलंही नाही. ओट्यावर बसून त्यांनी एवढं एकच वाक्य म्हणायचं होतं, मीच सांगितलं होतं तिला चिरायला. पुढच्या एका ग्रहणाला ते डोक्यावरून पांघरूण घेऊन आत झोपून राहिले. त्यानंतर लवकरच ते गेले आणि ते वाक्य त्यांच्याबरोबर गेलं.

नांदेडला शिबिरात ओठ शिवून घेतला. डॉक्टरांचा हात चांगला होता, एक पांढरी रेघ राहिली. सुमेध हसला की ती रेघ थोडी वर ओढली जाते. शाळेत त्याला डांगऱ्या म्हणायला लागले. पहिल्यांदा ज्या पोराने म्हटलं त्याच्या बापाच्या दारात मी तागडी घेऊन उभी राहिले होते. माझा नवरा टेम्पो चालवतो, गरीब माणूस, तो मला म्हणाला, किती दारांत उभी राहशील? मी म्हणाले, मूळ दार एकच आहे. त्या दाराशी मी नंतर किती वर्षं साधं बोलले नाही. अक्काच्या घरी लग्नकार्याला गेले, पाणी प्यायले, पण नजर दिली नाही. डांगर सावलीत नीट ठेवलं तर वर्षभर टिकतं. राग त्याहून जास्त टिकतो, त्याला सावलीही लागत नाही.

फाट्यावरचं दुकान झालं, त्यात मी इन्व्हर्टर बसवला. त्या काळात लाइट असायची कमी, जायची जास्त. आणि मग परीक्षेच्या दिवसांत एक दिवस दारात आशा उभी. अक्काची पोरगी, डांगराच्या बिया गोळा करणारी ती, आता कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होती. "मामी, तुझ्याकडं लाइट हाय. मागं बसून वाचू का?" आईला विचारून आलीस का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "आईला इचारलं असतं तर आलीच नसते." मला हे उत्तर आवडलं. मी तिला पोत्यांमध्ये जागा करून दिली.

चैत्रातली दुपार. फाट्यापलीकडच्या शेतात हळद शिजायची, कढईतल्या वाफेचा तो कडवट मातकट वास रस्ता ओलांडून दुकानात यायचा. आशा पुटपुटत पाठ करायची. तिच्या पुस्तकात कोंबडीच्या अंड्यातल्या पिल्लाची चित्रं होती, स्वल्पविरामाएवढं काहीतरी, त्याला डोळा फुटतोय, पाठीला खाच पडतेय. पुढे माणसाच्या गर्भाची चित्रं. मी हळदीच्या कांड्या निवडत ऐकत असायचे. एक दिवस तिचं पुटपुटणं थांबलं.

"मामी, ग्रहणाच्या टायमाला तुला कितवा महिना होता?"

"सातवा. तुझी आई सांगंल, तिला पाठ हाय."

तिने पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. एका चित्रात चेहरा होता, पण चेहरा नव्हे, चेहऱ्याचे सुटे तुकडे. ती सांगत गेली. माणसाचं तोंड एकसंध घडत नाही. पाठीच्या कण्याच्या जागेहून पेशी निघतात, चालत पुढे येतात आणि त्यांचे गड्डे तयार होतात. कपाळाकडून एक येतो, दोन्ही गालांकडून येतात. ते एकमेकांकडे सरकतात आणि नाकाखाली भेटतात. आपल्या नाकाखाली जी पन्हळ असते, तिच्या कडा ही त्या भेटीची शिवण. "तुला पण हाय, मला पण हाय," ती म्हणाली आणि बोटाने माझ्या ओठावरची पन्हळ दाखवली. "आणि हे समदं दुसऱ्या महिन्यात होतं, मामी. सातव्या महिन्यात ओठ कवाच झालेला असतो. मिटायचा तर मिटलेला, न्हाई तर न्हाई."

मी हातातली कांडी खाली ठेवली. पुन्हा सांग म्हणाले. तिने पुन्हा सांगितलं. मी तिसऱ्यांदा सांगायला लावलं, जसं मी वजन तिसऱ्यांदा करायला लावते.

पुढच्या दुपारी मी तिला विचारलं, त्या पेशींना सांगतं कोण, तू ओठ हो आणि तू गाल हो? ती म्हणाली, सगळ्या पेशींजवळ एकच पोथी असते, पुरी. ओठाच्या पेशीत नखाचाही मजकूर असतो, पण तो मिटलेला. कोणतं पान उघडायचं ते शेजारच्या पेशी कळवतात. त्या काही रस सोडतात, तो दुसरीच्या अंगाला चिकटतो आणि आत निरोप जातो. जवळच्या पेशीला निरोप जोराचा लागतो, लांबच्या पेशीला मंद, आणि नुसत्या त्या कमी-जास्तीवरून एक काहीतरी होते, दुसरी वेगळंच होते. मला एकदम बैलबाजार दिसला. रुमालाखालची बोटं, कोणतं धरलं आणि किती दाबलं. माझ्याच पोटात एवढे सौदे चालू होते आणि मला कोणी कळवलं नव्हतं. मी तेव्हा काय करत होते? उन्हाळा होता, मिरची होती. मी पोत्यावर बसून गिऱ्हाइकांशी भांडत होते. पाळी चुकल्याचं पुरतं ध्यानातही आलं नव्हतं आणि आत माझ्या पोराच्या तोंडाचा निकाल लागून गेला होता.

"मग कोणाचं चुकलं?" मी विचारलं.

आशाने पुस्तक मिटलं. मग म्हणाली, कोणाचंच नाही म्हटलं तरी चालेल. एखादा निरोप उशिरा पोचतो. कधी आईच्या अंगात सत्त्व कमी पडतं, कधी ते रक्तातून येतं, पुष्कळदा कोणालाच सांगता येत नाही. आणि दोन्ही कडा भेटल्या तरी भागत नाही. मध्ये दोघांचीही कातडी असते. तिथल्या पेशी आपणहून मरून जातात, तेव्हाच मांस मांसाला मिळतं.

मी व्यापारी बाई आहे. एवढ्या बोलण्यातून मी एकच शब्द उचलला. रक्तातून. माझ्या माहेरी असा ओठ कोणाचा नव्हता, मी आठवून आठवून पाहिलं. मग रक्त राहिलं कोणाचं? माझ्या नवऱ्याचं. आणि जे त्याचं तेच त्याच्या बहिणीचं. अक्काच्या शब्दाला तोडीस तोड ठरेल असा शब्द माझ्या हातात आला होता, आणि तो तिच्याच लेकीने आणून दिला होता. मी तो लगेच वापरला नाही. माल पिकला म्हणून त्याच दिवशी विकणारा शहाणा नसतो. बाजार भरू द्यावा लागतो.

बाजार भरला तो पुढच्या एका पावसाळ्यात. आशाचं कनेरगाव नाक्याला लग्न झालं होतं. तिला दिवस गेले, खाल्लेलं काही पोटात ठरेना, म्हणून अक्काने तिला माहेरी आणलं. आणि आषाढाच्या अमावस्येला पुन्हा सूर्यग्रहण आलं, भल्या सकाळचं. मी फाट्यावरच्या दुकानातून जुनं, साठवणीतलं डांगर घेतलं, विळी घेतली, आणि नवऱ्याच्या टेम्पोत बसले. कुठे निघालीस, हे त्याने विचारलं नाही. वाटेत एकदाच म्हणाला, "जरा जपून." रस्त्यावर की बोलण्यात, ते सांगितलं नाही. मला अक्काच्या अंगणात बसायचं होतं, डांगर चिरायचं होतं, आणि कुडाआडून बघणाऱ्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं होतं की ओठ दुसऱ्या महिन्यात ठरतो आणि वाण या घरातून येतं. वाक्य मी टेम्पोत दोनदा घोकलं.

आभाळ गच्च भरलेलं. ग्रहण लागलं की सुटलं, कोणालाच कळत नव्हतं. अक्का उंबऱ्यात बसली होती. मागे खोलीचं दार ओढलेलं. माझ्या हातातलं डांगर आणि विळी बघून तिचा चेहरा पडला. ती उठली नाही. तिच्या वयाचं ओझं मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं, पण मी दया करायला आले नव्हते. मी अंगणात विळी मांडली.

तेवढ्यात आतून आशाने हाक मारली, "मामी, आत ये."

खोलीत अंधार, फट दिसेल तिथे चिंध्या कोंबलेल्या. आशा भिंतीला टेकून बसली होती, ओठ सुकलेले. मी म्हणाले, तू तर शिकलेली, तू काहून अशी बसलीस? अन्न का सोडलंस? ती म्हणाली, ग्रहणाचं मला काही नाही, आईच्या समाधानासाठी बसले. मग माझा हात धरून म्हणाली, "मामी, मला आता दुसरा महिना हाय. तेच चालू हाय बघ आत, आज, आत्ता. मला चित्रं समदी पाठ हायत. कोन कुठून निघालं, कोन कुठं पोचलं. ज्याला ठावं न्हाई ते सुखी हाय. मला झोप येईना."

मी तिचा हात धरून बसले. घोकलेलं वाक्य माझ्या तोंडात होतं आणि मला दिसत होतं ते कुठे जाऊन पडेल. अक्काच्या अंगणात पडणार नाही. ते कुडातून वस्तीत जाईल, वस्तीतून कनेरगाव नाक्याला, आशाच्या सासूच्या कानात. मग या पोरीच्या पोटातलं लेकरू कसंही येवो, आधी त्याच्या तोंडावरचं फडकं उचललं जाईल. मी एका बाईचा शब्द फेडायला दुसऱ्या बाईला गहाण ठेवायला निघाले होते. माझा राग कमी झाला नाही. आजही झालेला नाही. पण तोटा मला कळतो.

मी बाहेर आले आणि उंबऱ्यात अक्काशेजारी बसले. इतक्या जवळ आम्ही कित्येक वर्षांत बसलो नव्हतो. ती आभाळाकडे बघत हळूच म्हणाली, "तिचं तसंच झालं तर मी कुनाचं नाव घेऊ, शकू? हिनं तर काहीच चिरलं न्हाई."

म्हणजे तिला भीती ग्रहणाची नव्हतीच. नाव घ्यायला कोणी उरणार नाही, याची होती. मी तिच्याकडे न बघता माझा पदर पुढे ओढला, गुडघ्यांवर पसरला आणि त्याखाली हात धरला. तिने आधी ओळखलं नाही. मग तिला कळलं. आमच्या दोघींचे बाप बैलबाजारात उभे राहिलेले, आम्ही दोघींनी ते लांबून पाहिलेलं. तिचा हात पदराखाली आला. गार होता.

मी म्हणाले, "तुझ्यापाशी माझं एक माफीचं घेणं हाय. ते मी सोडते. त्याच्या बदल्यात, लेकरू कसं बी येऊ दे, तू कुनाचं नाव घ्यायचं न्हाई. हिचं न्हाई, हिच्या सासूचं न्हाई, ग्रहणाचं न्हाई. आन् सुमेधचं जे म्हनलीस ते पुन्हा म्हनायचं न्हाई."

तिने माझं बोट धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. तिला घासाघीस करायची सवय नाही, पण तीही दादांचीच लेक, सहज देणारी नव्हे. शेवटी तिने माझा पंजा अख्खा धरला आणि दाबला. कुडाआडून बघणाऱ्यांना दोन बाया उंबऱ्यात बसून आभाळ बघताना दिसल्या असतील, बाकी काही नाही. मग ती उठली, विळीवर बसली, आणि ग्रहण असो-नसो, डांगर तिने स्वतः चिरलं. आशा दोन भाकरी जेवली.

ते डांगर संपून आता नवीन आली आहेत. आशाला पाचवा महिना आहे. मी परवा घेतलेलं डांगर दुकानात ठेवून हा मजकूर लिहीत होते, तर अक्का स्वतः एसटीने फाट्यावर आली. ती कधी दुकानावर येत नाही. आशाला घेऊन हिंगोलीला सोनोग्राफीला गेली होती, तिथून आशाला घराकडच्या गाडीत बसवून परस्पर इकडे. मी तिला बसायला पोतं सरकवलं आणि पाणी दिलं. ती काय सांगेल यापेक्षा कोणाचं नाव घेईल, याची मी वाट बघत होते.

पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, ठोके चांगले आहेत, हात-पाय चांगले आहेत. तोंड काही दिसलं नाही. डॉक्टरीणबाईने पोटावर यंत्र इकडून फिरवलं, तिकडून फिरवलं. "लेकरानं हात आडवा धरलाय तोंडावर. हालवंना," अक्का म्हणाली.

रस्त्याने गाड्या जात होत्या. मग अक्काने कोपऱ्यातलं डांगर पेराने वाजवून पाहिलं आणि म्हणाली, कसं दिलं?

मी तिला भाव सांगितला. ती म्हणाली, जास्त सांगतेस.